मोजणीदाराची वाकडी वाट

चालणं या प्रकाराचा मला पहिल्यापासून मनापासून कंटाळा. मी मूळचा अकोल्याचा, आणि आमच्या अकोल्याचं ऊन असं की शहाणा माणूस तिथं चालत नाही, एका सावलीतून दुसऱ्या सावलीत पळतो. अमरावतीला मोजणीच्या ऑफिसात कारकून म्हणून लागलो तेव्हा मला वाटलं, खुर्ची मिळाली, टेबल मिळालं, आता पायांना जन्माची सुट्टी. पण समोरच्या टेबलावर ते बसत होते. ते म्हणजे आमचे मोजणीदार. सगळं ऑफिस त्यांना दादा म्हणायचं.

पहिल्याच दिवशी दुपारी त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“बाबू, तुमी साहेबाच्या खोलीत जाता तवा एकोनीस पावलं टाकता. परत येता तवा तेरा. काहून?”

“तुम्ही मोजत होता की काय?”

“मोजाव नाई लागत. मोजल्या जाते.”

मी मनात म्हटलं, झालं कल्याण. त्या दिवसापासून साहेबांच्या खोलीत जाताना मी पावलं सारखी टाकायचा प्रयत्न करायला लागलो आणि दोनदा उंबऱ्याला ठेचकाळलो.

दादा ठेंगणे, काळेसावळे, बारा महिने अंगात चार खिशांचा खाकी कोट. पाय मात्र बाकीच्या माणसाच्या मानानं एक माप मोठे. ऑफिसच्या व्हरांड्यात फरशीत त्यांनी दोन पितळी खिळे ठोकून घेतले होते. सकाळी ऑफिस उघडलं की जमिनीची मोजणी करायची ती लोखंडी साखळी आधी त्या दोन खिळ्यांमध्ये ताणून पाहायची. ओढून ओढून साखळीच्या कड्या सैल होतात, साखळी वाढते, आणि वाढलेल्या साखळीनं मोजलं की एखाद्याचं वावर कागदावर आपोआप लहान होतं. हे सगळं त्यांनी मला पहिल्या आठवड्यात तीन वेळा समजावून सांगितलं. साखळी खिळ्यांना बरोबर लागली की ते तिच्यावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, “चाल बाई, आजच्या दिवस तरी तू खरी हायेस.” मग चहा.

‘साधारण’, ‘जवळपास’, ‘जरासं’ हे शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. कोणी म्हणालं, दादा, इथं जवळच राहतो मी, की यांचं ठरलेलं, “जवय म्हंजे किती?” त्यांच्या या सवयीपायी माझं लग्न मोडता मोडता राहिलं. माझे होणारे सासरे चांदूर बाजारहून माझी चौकशी करायला ऑफिसात आले आणि नेमके दादांच्याच टेबलाशी जाऊन बसले. मुलगा कसा आहे, म्हणाले. दादांनी पेन्सिल खाली ठेवली, पुरता विचार केला आणि सांगितलं, “चालायले आळशी. खायले बरा. खोटं बोलते, पन पचवता येत नाई, चेहऱ्यावर दिसते. बाकी लेखी कामात चूक नाई.” सासरे घरी जाऊन म्हणाले, ज्या ऑफिसात माणसाची इतकी चोख मोजणी होते तिथला मुलगा डोळे मिटून घ्यावा. आमच्या हिला ती चारही वाक्यं आजही पाठ आहेत. भांडण लागलं की ती दुसऱ्या वाक्यापासून सुरू करते.

आणखी एक सवय. ज्या गावात मोजणी, त्या गावचं पाणीसुद्धा दादा पीत नसत. सायकलला स्वतःची पाण्याची छागल लटकवलेली असायची. एकदा अचलपूरकडे एका पाटलाच्या शेतात मोजणीला मी बरोबर होतो. पाटलानं चकचकीत पितळी तांब्या पुढं केला. दादा हात जोडून म्हणाले, “राहू द्या पाटील.” पाटील रागावला. रस्त्यात मीही म्हटलं, काय हरकत होती? दादा सायकल थांबवून हसायलाच लागले.

“बाबू, मी नवीन नोकरीत होतो तवा याच पाटलाच्या बापानं मले पानी नाई देलं. बाटत होता ना त्याचा तांब्या! आता हे देतात, तं मी घेत नाई. मोजनी झाली का मंग याच्या घरी बसून जेवीन, पोटभर. आता नाई. पानी पेलं का मानसाचा डोया जरासा कानाडोया करते.”

“जरासा म्हणजे किती, दादा?”

ते एवढे खूश झाले की पुढच्या गावात त्यांनी मला आलुबोंडे खाऊ घातले.

आता असा हा माणूस. वावरांमधून रेषा सरळ ओढण्यात ज्याची हयात गेली, त्याच्या नावानं एक गोष्ट ऑफिसात चवीनं सांगितली जायची. गावाच्या पूर्वेला टेकड्यांमध्ये सरकारी राखीव जंगल होतं. तोड बंद, चराई बंद, शिकार बंद. एक फाटक, एक चौकीदार आणि आत दूरवर एक तळं. फाटकापासून तळ्यापर्यंत एक पायवाट गेली होती, ती म्हणे दादांनी पाडलेली, आणि ती इतकी वाकडी होती की बघणाऱ्याला वाटावं, कोणी भांग प्यायलेल्या बैलामागे चालत गेलं. मोजणीदारानं असं करावं! दर रविवारी ते आपल्या बायकोला सायकलच्या कॅरिअरवर बसवून तिकडे जातात, एवढंच मला ठाऊक होतं. त्यांच्या बायकोला दिसत नाही, हेही ठाऊक होतं. या दोन गोष्टी मी कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

हिवाळ्यातल्या एका रविवारी दादा मला घेऊन गेले. चालायला मी गेलो नसतो, पण वहिनी ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत आणि भुरका आणणार होत्या.

फाटकापर्यंत वहिनींनी दादांचा हात धरला होता. फाटकाच्या आत आल्या, चपला काढल्या, दादांच्या हातात दिल्या, नऊवारीचा काष्टा सावरला आणि चालायला लागल्या. एकट्या. पुढं. दादा मागं, मोजून सहा पावलांवर. मी घाबरून म्हटलं, “अहो दादा, वहिनी!”

“पाहा ना. चाला गुमान.”

मी चालत राहिलो आणि पाहत राहिलो. वाट उघड्या मुरमाची आणि दोन्ही बाजूंना गवत राखलेलं. पायाखाली मुरूम लागला की वाट, गवत लागलं की चुकलं. पुढं एका जागी एकदम उग्र, लिंबासारखा वास आला. तिखाडी गवत होतं. तिथं वहिनी डावीकडे वळल्या. नंतर बांबूचं बेट करकरत होतं, त्याला वळसा घातला. एका सपाट खडकावर सकाळचं ऊन पडून तो कोमट झाला होता, त्यावर तळपाय टेकले तशा त्या थांबल्या, पाय शेकून घेतले आणि उजवीकडे ओढ्याच्या आवाजाच्या रोखानं निघाल्या. वाटेत एक बोरी आली, तिच्याशी भांडल्या सुद्धा. “पुन्हा लुगडं धरलं का हिनं! दादल्यासारखी हाये.” मागून दादा खोकले.

तळ्यावर भाकर खाताना सगळं कळलं. वहिनींचं माहेर त्याच जंगलाच्या पलीकडचं. लहानपणी त्या तिथं तिखाडी कापायला यायच्या. पुढं डोळ्यांची नस सुकत गेली. नागपूरच्या डॉक्टरनं हात वर केले.

“डोये गेले त्याचं मले दुःख झालं तं झालंच,” वहिनी म्हणाल्या. “पन लोकायनं माहा हात धरला ना, त्याचा मले लय तरास. गावात जो भेटते तो धरते न् ओढते. पुन्य लागते त्याले. माहा खांदा निखयते! म्हशीवानी नेतात मले. मी आमच्या यायले म्हनलं, मले एक जागा अशी द्या का जठी माहा हात कोनी धरनार नाई.”

दादांनी ती दिली होती. मोजणीत साखळीचं एक टोक घेऊन पुढचा माणूस चालतो आणि मागचा बोलतो. पुढच्याला रेषा दिसत नाही, मागच्याला दिसते. ‘उजवा, उजवा, बस!’ तसं त्यांनी वहिनींना पुढं घातलं आणि मागून बोलत राहिले. वर्ष दीड वर्ष बोलले. मग बोलायची गरज उरली नाही.

“वाकडी म्या नाई केली, बाबू. हिचं नाक जिकडं वयलं तिकडं वाट वयली.”

“सरळ गेलं तं तळं अर्ध्या घंट्यात येते,” वहिनी मला म्हणाल्या. “या वाटेनं आलं का मले दर खेपेले भूक लागते. घ्या, आनखी भरीत घ्या. तुमाले बी लागली असन.”

लागली होती. चार भाकरी खाल्ल्या मी. परत फाटकाशी आल्यावर वहिनींनी हवेत हात पुढं केला. दादांनी चपला खाली मांडल्या आणि तो हात धरला.

त्यानंतर मी रविवारी अधूनमधून जायला लागलो. भरतासाठीच जातो, असं सांगत असे.

पुढच्या वर्षी आमच्याकडे नवे साहेब आले, पुण्याचे. माणूस मनानं चांगला, कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं गोड. पण नकाशा दिसला की त्यावर पट्टी ठेवल्याशिवाय त्यांना राहवत नसे. वरून पत्र आलं होतं की राखीव जंगलात गावच्या लोकांसाठी फिरायची सोय करावी. साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला, फाटकावर बोट ठेवलं, तळ्यावर बोट ठेवलं आणि लाल पेन्सिलीनं मधून रेघ मारली.

“असा सरळ रस्ता. जीप थेट तळ्यापर्यंत गेली पाहिजे. उद्या मोठे पाहुणे आले तर त्यांना काय चालत नेणार आहात? मधे ती कसली वेडीवाकडी पायवाट आहे म्हणे, ती बुजवून टाकायची. दादा, रेषा तुम्ही आखून द्या. तुमच्याइतका सरळ हात इथं कोणाचा नाही.”

ती लाल रेघ दादांची वाट नऊ ठिकाणी कापत होती. मी मनातल्या मनात वाट चालून ती मोजली. दादांनीही मोजली असणार. ते फक्त म्हणाले, “हो साहेब.”

बाहेर आल्यावर मी त्यांना धरलं. “दादा, सांगा ना साहेबांना! वहिनींचं सांगा!”

“काय सांगू? जागा सरकारची हाये. माही बायको सरकार हाये का?”

शिपायाला हे कळलं तेव्हा तो पानाची पिंक टाकून परत आला आणि कानाशी लागला. “दादा, सोपं हाये. तठी वळनावर तो काया दगड हाये ना, त्याले मी शेंदूर फासतो. दोन अगरबत्त्या, एक नारळ. पाहू मंग कोनाची जीप जाते!”

दादा म्हणजे छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला माणूस. ते पोट धरून हसले.

“अबे, एवढे देव घराभाईर ठेवले, ते काय सोपं होतं? माही माय तीन दिवस जेवली नाई. आता रस्त्यापायी पुन्हा नवा मांडू? आन त्याच्या पाया पडाले पयला कोन येईन? तूच!”

“मी तं येईनच,” शिपाई म्हणाला. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

मग मी अक्कल पाजळली. म्हटलं, दादा, शेंदूर नको तर नको. मधल्या दोन खुंट्या हातभर सरकवा. रेषा मोठ्या खडकावर चढते, रस्ता होत नाही म्हणून लिहा. कोण पाहायला जातंय? दादांनी कोटाच्या खिशातली पेन्सिल काढली, परत ठेवली आणि ते उठून गेले. तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. वहिनी ओट्यावर लसूण सोलत होत्या. माझ्या चपलांच्या आवाजावरून त्यांनी ओळखलं.

“या बाबू. खुंट्या सरकवाचं तुमीच म्हनलं ना?”

मी मान खाली घातली. ती त्यांना कुठं दिसणार होती, पण घातली.

“म्या यायले सांगतलं, मोजा तं सरळच मोजा. अंधया बाईले मांगच्याच्या शब्दावर पाय टाकाव लागते. यायनं एक खुंटी वाकडी ठोकली ना, तं त्याच्यानंतर यायचा आवाज आला तरी माहा पाय उचलनार नाई. मंग वाट राहून काय कामाची?” त्यांनी लसणाची पाकळी बोटांत दाबली. “वाट गेली तं लय वाईट वाटन मले. मी रडीन. रडले बी काल.”

मी खाली बसलो आणि त्यांच्याबरोबर लसूण सोलला.

दादांनी रेषा आखली. लाल रेघ जशी होती तशी, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. फक्त एक गोष्ट त्यांनी मागितली. नियमाप्रमाणे साहेबांनी सही करण्याआधी जागेवर येऊन रेषा पायी चालून पाहायची असते. आधीचे सगळे साहेब ती खुर्चीतच चालत आले होते. दादांनी नियमाचं पुस्तक उघडून साहेबांसमोर ठेवलं. साहेबही नियमाचे पक्के. म्हणाले, ठीक आहे, रविवारी येतो.

रविवारी साहेब जीपनं आले. पायांत नवे कोरे बूट. दादांनी वहिनींना सकाळीच वाटेवर सोडलं होतं. तिचा रविवार कशाला बुडवायचा, म्हणाले. साहेब, दादा, साखळी धरणारे दोन गडी आणि फाईल घेतलेला मी, असे आम्ही सरळ रेषेनं निघालो. सरळ रेषा कागदावर फार छान असते हो! जमिनीवर ती कमरेइतक्या गवतातून जाते. शंभर पावलांत साहेबांचे मोजे कुसळांनी भरले. मग बोरी, मग हिवराचे काटे. एका बोरीनं त्यांची टोपी ठेवून घेतली. तळ्यावर पोचलो तेव्हा साहेब लंगडत होते, पण तक्रार नाही. म्हणाले, “रस्ता झाल्यावर हे सगळं निघून जाईल. रेषा अगदी बरोबर आहे, दादा.” आणि सहीसाठी पेन काढलं.

तेवढ्यात झाडाआडून आवाज आला.

“कोन हाये हो? बूट चावून राहिले वाटते. एक पाय हलका पडून राहिला.”

वहिनी तळ्याकाठच्या एका खडकावर भाकरीचं गाठोडं घेऊन बसल्या होत्या. साहेब चकित झाले. “हो बाई, नवे आहेत.”

“मंग काढा ना बाप्पा! परत जाताना माह्या वाटेनं चाला. मुरूम हाये, कुसळं नाई. फाटकाच्या अलीकडं सराटे हायेत, तठी सांगीन मी.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दादांकडे पाहिलं. दादा म्हणाले, “आमची मंडळी. तुमी जा साहेब, मी साखळी गुंडाळून, खुंट्या मोजून येतो.” ते तिथंच थांबले.

साहेबांनी एकदाचे बूट काढले. वहिनी पुढं, बूट हातात घेतलेले साहेब मागं आणि त्यांच्या मागं मी. साहेबांना सांगावं म्हणून मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. त्या बाईची ती चाल पाहून बोलावंसं वाटेना.

बांबूजवळ वहिनी म्हणाल्या, “करकर आयका. वारा खालून हाये, सांजीले थंडी पडन.” पुढं म्हणाल्या, “अठी थांबा.” “श्वास घ्या.” साहेबांनी घेतला. “ही तिखाडी. चुरून डोक्याले लावा, डोकं उतरते.” साहेबांनी चुरली, लावली. पुढं साहेब लहान मुलासारखे ओरडले, “अहो, तो बघा, मोर!”

वहिनी थांबल्या नाहीत. “तीन हायेत. एक मांगं हाये, झुडपात. त्याचा गया बसला हाये.”

साहेबांना एकच दिसत होता. मग दुसरा दिसला. मग झुडपातून तिसरा बाहेर आला आणि खरोखर घोगरा ओरडला. साहेब तिथं पाच मिनिटं उभे राहिले असतील. मी साहेबांना एवढा वेळ हसताना ऑफिसात कधी पाहिलं नव्हतं. ते मला म्हणाले, “विलक्षण नजर आहे हो या बाईंची!”

मी फाईलमध्ये तोंड घातलं.

सराट्यांपाशी वहिनींनी त्यांना खरंच थांबवलं, बूट घालायला लावले आणि पुढं पुन्हा काढायला लावले. साहेबांनी निमूट घातले, निमूट काढले. असं करत आम्ही फाटकाशी आलो. समोर जीप उभी होती, मोकळी जागा होती, रस्ता होता. वहिनी थांबल्या आणि त्यांनी हात हवेत पुढं केला.

साहेबांना वाटलं, बाई निरोप घेत आहेत. त्यांनी नमस्कार केला. हात तसाच. मग त्यांना वाटलं, जीपला लटकवलेली छागल मागत असतील. ती पुढं केली. वहिनींचा हात छागलीला लागला, बाजूला झाला आणि पुन्हा हवेत चाचपडला.

“फाटक लागलं ना?” वहिनी म्हणाल्या. “आता याच्या पुढं मले काई समजत नाई. हात द्या, बाप्पा.”

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी वहिनींच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग मागं वाटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. त्यांनी बूट खाली टाकले आणि दोन्ही हातांनी तो हात धरला. ओढला नाही, नुसता धरला. अनवाणीच त्यांनी वहिनींना लिंबाच्या सावलीत नेऊन बसवलं. मला रडू आलं. खोटं कशाला बोलू.

खांद्यावर साखळी टाकून दादा आले तेव्हा साहेब त्यांच्यावर जवळजवळ ओरडले. “दादा, हे आधी का सांगितलं नाही मला?”

“काय सांगू साहेब? मोजनीच्या कागदात बायकोचे डोये लिहाचा रकाना नाई.”

साहेब मोज्यातली कुसळं एकेक करून उपटत होते. मग म्हणाले, “शेऱ्याचा रकाना आहे ना? उद्यापासून या वाटेची मोजणी करा. प्रत्येक वळण. जिथं जे आहे ते शेऱ्यात लिहायचं. मी दोन्ही नकाशे वर पाठवतो, आणि मी स्वतः काय पाहिलं तेही लिहितो. निर्णय माझ्या हातात नाही, पण लिहिणं माझ्या हातात आहे.”

सरळ रेषेला एक दिवस लागला होता. वाकड्या वाटेला दादांना दोन महिने लागले. दर वळणावर साखळी, दर वळणावर खुंटी आणि प्रत्येक खुंटीशी वहिनींना उभं करून विचारणं. वळणं निघाली एक्केचाळीस. नकाशे वर गेले आणि मग सुरू झालं वाट पाहणं. टपालवाला दिसला की शिपाई धावायचा. दादा मान वर करत नसत, पण त्या दिवसांत एकदा ते साखळी खिळ्यांना लावायची विसरले. असं त्यांच्या नोकरीत दुसऱ्यांदा झालं नाही.

उत्तर पावसाळ्याच्या तोंडाशी आलं. जीप फाटकाबाहेर थांबेल. आतली पायवाट आहे तशी कायम ठेवावी. लोकांनी पायी फिरावं.

शिपायानं टाळ्या वाजवल्या. मी पेढे आणायला निघालो. दादांनी पत्र पुन्हा वाचलं, चष्मा पुसला, आणखी एकदा वाचलं आणि कपाळाला आठी घातली.

“बाबू, याच्यात वाटेची लांबी ‘अंदाजे’ लिहिली हाये. आपन तं बरोबर देलती! उत्तर लिहा. चूक हाये, दुरुस्त करा म्हना.”

मी म्हटलं, “दादा, हात जोडतो, आज नको.” पण लिहावं लागलंच. सही साहेबांनी हसत हसत केली. वहिनींना सांगायला मी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “बरं झालं. पन तुमी बी या रविवारी येजा. पोट सुटून राहिलं तुमचं, पावलावरून समजते.”

दादा गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. वहिनी त्यांच्या आधी गेल्या. निवृत्त होण्याच्या आधीच्या महिन्यात रेकॉर्ड खोलीत मी दुसरंच काही शोधत होतो, तर तो नकाशा हाताशी आला. कापडावर चिकटवलेला, कडा कुरतडलेल्या. मी खालीच बसलो आणि शेऱ्याचा रकाना वाचायला लागलो. जिथं आम्ही आयुष्यभर ‘विहीर’, ‘बांध’, ‘आंब्याचं झाड’ एवढंच लिहिलं, तिथं दादांच्या त्या ठाशीव अक्षरात लिहिलं होतं:

वळण तिसरे. तिखाडीचा वास.

वळण सातवे. बांबू वाजतो.

वळण बारावे. खडक. सकाळी पाय शेकतात.

वळण एकोणिसावे. बोर. लुगडे धरते.

वळण तेविसावे. येथून पाणी ऐकू येते.

एक एक करत मी सगळी वाचली. डोळे मिटले असते तरी तळ्यापर्यंत पोचलो असतो. आणि सगळ्यात खाली, वळणं संपल्यावर, वेगळ्या ओळीत:

फाटक. येथून पुढे हात धरणे.

त्याच्याखाली साहेबांची सही होती आणि ऑफिसचा गोल शिक्का.